बादलीतलं अन्नजाळं: बाल्कनीत खत करताना

20 लिटरची झाकणाची बादली घ्या. तळाला आणि बाजूंना मिळून 20 भोकं पाडा, खाली दोन विटा ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाला पसरा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हाच दोन पोती भरून ठेवा. तो पाला जाळला की त्यातला नायट्रोजन धुरात जातो, फार वाईट वाटतं ते बघून.

रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका, वर त्याच्या दुप्पट पाला. माप वाटीने घ्या, वजनाने नको. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो, आणि तो पाल्यातून मिळतो. पाला कमी पडला तर जादा नायट्रोजन अमोनिया होऊन नाकाला झोंबतो. नासक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त, हवा कमी: उकरून कोरडा पाला मिसळा. मूठ दाबल्यावर एखादाच थेंब सुटला की ओल बरोबर.

तीन आठवड्यांनी भिंग घेऊन बसा. पानाच्या शिरांवर पांढरी बुरशी दिसेल, ती खाणारे इवलेसे माइट आणि उड्या मारणारे स्प्रिंगटेल, कधी त्यांच्या मागावर गोम. राखाडी, चपट्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या. त्या कचरा झपाट्याने संपवतात, राहू द्या. कीटकनाशक मात्र अजिबात मारू नका.

मातीचा वास येऊ लागला की एक भाग खत, तीन भाग माती. अर्धकच्चं घातलंत तर जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढतात आणि झाड पिवळं पडतं.