शुगर असलेल्या आईवडिलांच्या पायाची जाणीव घरीच कशी तपासायची

आमच्या आबांनी मागच्या वर्षी नवीन कोल्हापुरी घेतली, चांगली करकर वाजणारी, आणि आठ दिवसांनी आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. पाय बघितला तर अंगठ्याला चप्पल चावून पार खड्डा पडलेला. आबांना पत्ताच नाही, "दुखतच न्हाई तर जखम कसली" हेच चालू त्यांचं. दुखत नव्हतं हेच तर वाईट होतं, शुगर बारा वर्षांची आहे त्यांची. तेव्हापासून मी घरीच त्यांचे पाय तपासतो, दोन मिनिटं लागतात, म्हणून नीट सांगतो.

सामान काही नको, तुमचं एक बोट बास. मोजे काढून त्यांना पलंगावर झोपवा. आधी कपाळाला हलकं बोट लावून दाखवा की असं लागणार आहे, मग डोळे मिटायला सांगा. लागलं की त्यांनी फक्त "उजवा" नाहीतर "डावा" म्हणायचं. आता पायाच्या बोटाच्या टोकाला आपलं बोट टेकवा, एक-दोन सेकंद, पिसासारखं हलकं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि शेवटी डावं मधलं. दाबायचं नाही, घासायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याच बोटाला परत लावायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं, "लागलं का?" असं विचारू नका, आपली माणसं आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. आबांनी पहिल्या वेळी सहापैकी तीन जागी काहीच म्हटलं नाही, दोन्ही अंगठ्यांना मी बोट टेकवून थांबलोय आणि ते शांत पडून आहेत, ते बघून माझ्या पोटात कालवलं. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर डॉक्टरकडे जायचंच, ते १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉन तारेने आणि कंपन करणाऱ्या धातूच्या काट्याने (ट्युनिंग फोर्क) पक्कं तपासतात.

हे पायातच आधी का होतं? कातडीत जाणीव टिपणारी नसांची टोकं वेगवेगळी असतात. हलका स्पर्श टिपणारी माइस्नर नावाची टोकं तळव्याच्या आणि बोटांच्या कातडीत अगदी वरच्या थरात बसलेली, पॅसिनी नावाची त्याच्या खाली खोलवर, कांद्यासारखे थर असलेली, साधारण १ मिलिमीटर लांब, ती कंपन ओळखतात (मोबाईल खिशात थरथरतो तो त्यांनाच कळतो). दुखणं, गरम, गार हे मात्र उघड्या टोकांचं काम, त्यांच्यावर कसलंच आवरण नाही. ही सगळी टोकं ज्या पेशींची, त्या बसल्यात मणक्याच्या बाजूला, म्हणजे अंगठ्यापर्यंतची नस जवळजवळ एक मीटर. शुगरने नसा खराब व्हायला लागल्या की सगळ्यात लांबच्या आधी जातात, म्हणून पाय मोजा घातल्यासारखे खालून बधिर होत येतात.

आता आबांचा दुसरा मुद्दा, "तांबडा रस्सा प्यालो की अजून झणझणतंय, मग माझ्या नसांना काय झालंय?" ह्याने फसू नका. तोंडाच्या नसा आखूड, त्या शेवटपर्यंत शाबूत राहू शकतात. आणि तिखट ही चवच नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडाच्या आतल्या त्वचेतल्या तसल्याच उघड्या टोकांवरचं दार उघडतं जे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला उघडतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. हे दार शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधलं, २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. पाण्याने ही आग जात नाही, कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर मिळतं तसलं घट्ट दूध प्या, दुधातलं प्रोटीन कॅप्सेसिन धरून नेतं. मिरची चिरल्यावर डोळ्याला हात नकोच, बुबुळावरच्या पडद्यात उघडी टोकं खच्चून भरलेली असतात.

पाय तपासताना पोटरीवर वगैरे बोट लावून अंदाज बांधू नका, तिथं मुळातच बारीक जाणीव कमी असते. दोन काड्यांची टोकं एकदम टेकवली तर हाताच्या बोटाच्या शेंड्याला २-३ मिलिमीटरवरही दोन कळतात, पोटरीला ४० मिलिमीटरच्या आसपास लागतात.

जाणीव कमी निघाली तर आता डोळ्यांनी काम करायचं. रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा, खडा असतो कधी. अनवाणी फिरायचं नाही, अंगणातसुद्धा. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. आणि जखम दिसली की हळद लावून चार दिवस वाट बघत बसू नका, दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. आबांची भरायला अडीच महिने लागले, नवीन कोल्हापुरी अजून माळ्यावर पडून आहे.