कुस्ती-ज्युदोत त्वचेचे संसर्ग कसे टाळाल?

अंगाला अंग लागणाऱ्या खेळात एकाला गजकर्ण झालं आणि आठवड्याभरात चौघांना लागलं, की खापर मॅटवर फुटतं. मॅट स्वच्छ हवीच, पण हे आजार मुख्यतः अंगावरूनच अंगाला लागतात. म्हणून सुरुवात अंग तपासण्यापासून करा.

सरावाआधी चांगल्या उजेडात टाळू, कानामागची जागा, मान, हात आणि जांघा बघा. गजकर्णाचा चट्टा गोल असतो. कड लालसर, उठलेली, खवलेदार आणि मधला भाग निवळलेला. सुरुवातीला मात्र तो मॅटवर घासल्यासारखाच दिसतो. हर्पीसमध्ये (हा विषाणूचा संसर्ग) आधी चुरचुरतं, मग लाल जागेवर पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. तो डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गळवाला बरेच जण 'काहीतरी चावलं असेल' म्हणून सोडून देतात. जागा गरम, टणक आणि दुखरी असेल तर दाखवून घ्या. पिळू तर अजिबात नका.

यातलं काहीही दिसलं की त्या खेळाडूला बाहेर बसवा. वर पट्टी चिकटवून खेळवणं हा उपाय नव्हे, घामाने ती सुटतेच. अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीच्या नियमांत अंगावरच्या गजकर्णाला परतण्याआधी किमान ७२ तास औषध लावलेलं असावं लागतं. साधं खरचटलेलं असेल तर धुऊन, झाकून खेळता येतं.

सर्वांत जास्त घोळ स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी होतो. खाज पटकन थांबते, कड पुसट होते, माणूस निर्धास्त होतो. गजकर्णाची बुरशी मात्र पसरत राहते आणि मग चट्टा ओळखणंही अवघड जातं. मलम डॉक्टरांना विचारूनच लावा.

सराव संपला की लगेच साबणाने अंघोळ. घरी गेल्यावर करू म्हणून टाळू नका. टॉवेल, वस्तरा, साबणाची वडी ज्याची त्याची. अंगावरचे केस वस्तऱ्याने काढू नका, त्या बारीक जखमांतूनच जंतू शिरतात. नखं कापलेली हवीत. कपडे एकदा घातले की धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. नी-पॅड धुवायचं हमखास राहून जातं.

मॅट आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कारण घाम-मळ तसाच राहिला तर जंतुनाशकाचा जोर कमी पडतो. मग एक लिटर पाण्यात १० मिली साधं ब्लीच (सुमारे ५ टक्क्यांचं) घालून फिरवा आणि मॅट १० मिनिटं ओली राहू द्या. लगेच कोरडी केली तर मेहनत फुकट. द्रावण रोज ताजं करा, ते टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मॅटला ब्लीच चालतं का, हे तिच्या माहितीपत्रकात बघून घ्या. रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी ते टिपून घ्या, मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. फाटलेल्या जागी मॅटची टेप लावा, उघड्या फोममध्ये जंतुनाशक नीट पोचत नाही. आणि मॉप रोज धुऊन वाळवा.