सोलरच्या बॅटऱ्या पुढेमागे होतायत? या चुका टाळा

चार्ज कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) ५७.६ व्होल्ट दाखवतोय, फुलचा दिवा लागलाय, आणि तरी रात्री इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद पडतो. ज्यांच्याकडे लाईनच नाही, सगळं सोलरवर आहे, त्यांना हे चांगलंच माहीत असेल. मग लोक पॅनल वाढवतात किंवा इन्व्हर्टर बदलतात, पण बऱ्याचदा दोष तिथे नसतोच, सेटमधली एक बॅटरी मागे पडलेली असते, म्हणजे बाकीच्यांपेक्षा कमी चार्ज झालेली.

फक्त एकूण व्होल्टेज बघणं. सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या पुष्कळ चुका हिच्यामुळेच लपून राहतात. ४८ व्होल्टच्या सेटमध्ये १२ च्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस), कंट्रोलरला फक्त दोन टोकं दिसतात. ५७.६ म्हणजे प्रत्येकी १४.४ असं आपण धरतो, पण प्रत्यक्षात १५.१, १४.६, १४.५ आणि १३.४ असलं तरी बेरीज तीच येते! पहिली उकळून पाणी उडवतेय, चौथी रोज अर्धवट राहतेय आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट (चार्ज घेऊ न देणारा कडक थर) जमत चाललंय. रात्री उलटं, तिघी ११.५ वर आणि ती एक ९.५ वर, बेरीज ४४, इन्व्हर्टरला वाटतं अजून चालतंय. तेव्हा महिन्यातून एकदा तरी मल्टीमीटर घेऊन प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, एकदा चार्जिंगच्या शेवटी आणि एकदा लोड चालू असताना, कारण नुसतं सकाळी निवांत मोजलं तर खराब बॅटरीसुद्धा बरी दिसते.

सेटमधल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणं. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझा २४ व्होल्टचा सेट होता आणि राउटर नि दोन छोटे दिवे १२ व्होल्टचे, तर ज्याने बसवून दिलं त्याने खालच्या एका बॅटरीवरूनच वायर काढली, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण १ अँपिअरचा लोड चोवीस तास म्हणजे दिवसाला २४ एएच (अँपिअर-तास), तेही एकाच बॅटरीतून, आणि सिरीजमध्ये दोघींना चार्जिंग मात्र सारखंच मिळतं, मग तो खड्डा भरणार कसा? काही महिन्यांत खालची सल्फेट होऊन गेली आणि वरचीचं पाणी सारखं कमी व्हायचं. फार वाईट वाटलं, कारण दोन्ही बॅटऱ्या मुळात चांगल्या होत्या. १२ व्होल्ट हवे असतील तर २४ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर पूर्ण सेटवर लावा, हाच सरळ उपाय.

जुन्या सेटमध्ये एकच नवी बॅटरी घालणं पण टाळा. नवी लवकरच जुन्यांच्या लाईनीला येते.

पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलेल्या बॅटऱ्यांत) प्लस-मायनस एकाच टोकाच्या बॅटरीवरून घेणं. जवळची बॅटरी जास्त करंट देते-घेते, लांबची आळशी राहते. प्लस पहिलीवरून घ्या आणि मायनस शेवटचीवरून, म्हणजे सगळ्यांच्या वाटेतली वायर सारखी होते. चारपेक्षा जास्त असतील तर सरळ बसबार (सगळ्या केबल एकत्र जोडायची धातूची जाड पट्टी) लावा आणि प्रत्येकीची केबल एकाच लांबीची आणि जाडीची कापा, एखादी बॅटरी जवळ आहे म्हणून तिची केबल छोटी करू नका.

इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग, कुठल्याही बॅटरीला देणं. हे फक्त पाणी घालायच्या बॅटऱ्यांसाठी आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १५.५ च्या आसपास नेतात म्हणजे मागे पडलेले सेल भरून निघतात, पण कंपनीने दिलेला आकडा बघूनच. जेल बॅटरीला दिलंत तर ती संपली समजा. आधी पाणी प्लेटांच्या वर आहे ना बघा, खिडक्या उघडा, कारण हायड्रोजन निघतो, ठिणगी नको. नंतर हायड्रोमीटर (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) लावा, फुल चार्जला बहुतेक बॅटऱ्या १.२६५ च्या आसपास दाखवतात, आणि सेलासेलात ०.०३० पेक्षा जास्त फरक तरीही उरला तर तो सेल बहुतेक गेलाय.

लिथियम बॅटरीला बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं, गरज पडल्यास बॅटरी बंद करणारं सर्किट) आहे म्हणून निर्धास्त राहणं. साधा बीएमएस ५०-१०० मिलिअँपिअरनेच बॅलन्स करतो, म्हणजे सगळे सेल सारख्या चार्जला आणतो. २८० एएचचा सेल ५ टक्के पुढे असेल तर तो फरक १४ एएचचा, १०० मिलिअँपिअरने १४० तास लागतील, आणि हे कामही सेल जवळजवळ फुल असतानाच चालतं, म्हणजे ढगाळ दिवसांत पॅक वरपर्यंत पोचलाच नाही तर बॅलन्सिंग होतच नाही. म्हणून नवीन सेल जोडतानाच टॉप बॅलन्स करून घ्या, म्हणजे सगळे सेल एकदा सारखे फुल करा. सगळे सेल आधी जवळपास एकाच व्होल्टेजला आणायचे, मग पॅरललमध्ये जोडायचे, पॉवर सप्लाय मोकळा असतानाच ३.६५ ला सेट करायचा आणि मगच लावायचा, करंट अगदी कमी होईपर्यंत. वेळ लागतो, लागू द्या.

अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (एका सेलमधला चार्ज काढून दुसऱ्यात भरणारं सर्किट) लावलाय? तो चोवीस तास चालू ठेवू नका. ३.२ ते ३.३ च्या पट्ट्यात लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, तिथे दिसणारा फरक चार्जचा असेलच असं नाही, लोडमुळेही असतो, आणि बॅलन्सर त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या सेलमधून काढून चुकीच्या सेलमध्ये भरत बसतो. ३.४ च्या वर गेल्यावरच चालू होईल असं सेटिंग करा.

आणि सेल खराब म्हणून काढायच्या आधी नट तपासा! १०० अँपिअरला १ मिलिओहमचा ढिला जोड ०.१ व्होल्ट खातो, तेवढ्यावर बीएमएस ट्रिप होऊ शकतो. लोड चालू ठेवून एकदा सेलच्या टर्मिनलवर आणि एकदा सेल जोडणाऱ्या पट्टीवर मोजा, फरक आला तर घासून साफ करा, परत आवळा.

नक्की काय झालंय ते ओळखायची माझी पद्धत साधी आहे, दोन्ही टोकांना बघायचं. चार्ज होताना सगळ्यात आधी वर जाणारा सेल डिस्चार्जला सगळ्यात शेवटी खाली येत असेल तर तो फक्त पुढे आहे, बॅलन्स केलं की झालं. चार्जला मागे आणि डिस्चार्जला आधी खाली असेल तर मागे पडलाय, त्याला एकट्याला भरा, पण परत परत मागे पडला तर आतून गळतोय. आणि चार्जला सगळ्यात आधी वर, डिस्चार्जलाही सगळ्यात आधी खाली, जोडही घट्ट, तर त्याची कपॅसिटीच कमी झालीय, तो कितीही बॅलन्स केला तरी सुधारणार नाही, बदलावाच लागतो.