दुबईचं विमान नक्की किती तास?

तिकिटावर मुंबईहून १०ला सुटून दुबईला ११:४५ला पोचणार असं दिसलं की घरचे म्हणतात पावणेदोन तासात पोचला पण! तसं नसतं, दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात.

१. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणून जाताना दीड तास मिळवा (सव्वातीन तास), येताना वजा करा.
२. तिकीट नसेल तर हवाई अंतर भागिले ८०० अधिक अर्धा तास. मुंबई-दुबई साधारण १९३० किमी, म्हणजे तीनेक तास. रत्नागिरीहून मुंबई एअरपोर्टला जायलाच याच्या दुप्पट वेळ लागतो ते सोडा.

फक्त लंडनला सांभाळून, तिथे उन्हाळ्यात फरक साडेचार तास आणि थंडीत साडेपाच.