केंड पाळायचा तर आधी गोगलगायी पाळा

आमची आई गोव्यातल्या मोरजीची. तिच्या माहेरी केंड म्हणजे जाळी फाडणारा, हाताला लागला की शिव्या देत परत समुद्रात भिरकावायचा विषारी मासा. डिचोलीच्या घरात मी काचेच्या टाकीत तीन केंड आणून सोडले तेव्हा ती म्हणाली, "अगे, खाण्याचा नाही, विकण्याचा नाही, मग आणलास कशाला?"

हा केंड समुद्रातला नव्हे. पूर्ण वाढला तरी इंच-सव्वा इंच, म्हणून दुकानात त्याला 'पी पफर', म्हणजे वाटाण्याएवढा केंड, म्हणतात. तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. होरा आणि नायर या संशोधकांनी १९४१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्रावणकोरचं नाव त्याला कायमचं चिकटलं. जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा हा मासा. हे मुद्दाम सांगते, कारण मला ज्याने तो विकला त्याने टाकीत मूठभर मीठ टाकायला सांगितलं होतं. टाकू नका. शक्य असेल तर टाकीत पैदास झालेलेच मासे मागा. नद्यांतून ते इतके उपसले गेलेत की आता असुरक्षित जातींच्या यादीत आहेत.

माझी टाकी दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. चाळीसेक लिटर पाणी. त्यात एक नर, दोन माद्या. नराच्या पोटावर मधोमध काळसर रेघ असते आणि डोळ्यांमागे सुरकुत्या. मादी गोल गरगरीत. मात्र दुकानातली पिल्लं सगळी सारखीच दिसतात, तेव्हा थोडा नशिबाचा भाग आहेच. दोन नर निघाले तर एकाला दुसरं घर बघावं लागतं.

झाडांसाठी तळाला परसातली लाल माती चाळून घातली, वर दीड इंच धुतलेली वाळू. मग मी शहाणीने बादलीने धो धो पाणी ओतलं आणि टाकीची पावसातली म्हादई झाली. चार दिवस समोरची भिंत दिसेना. तळाला बशी ठेवा आणि तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडा. झाडं दाट हवीत: व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, जावा मॉस, आणि वर तरंगणारं काहीतरी. केंडांना एकमेकांच्या नजरेआड जाता आलं पाहिजे, नाहीतर शेपट्या कुरतडल्या जातात. फिल्टर साधा स्पंजचा. जोराचा प्रवाह त्यांना झेपत नाही.

आणि मग थांबायचं. महिना-दीड महिना. टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं, म्हणजे अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू स्पंजवर वाढतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना मध्येच बनणारं विष) दोन्ही शून्य आले की मासे आणा. या माशाला खवले नसतात, खराब पाणी त्याला लगेच बाधतं, औषधंही झेपत नाहीत.

हा महिना मला गोगलगायींसाठी कामी आला. केंड कोरडं खाणं सहसा तोंडात धरत नाही, धरलं तरी थुंकतो. त्याला हलणारं, जिवंत काहीतरी लागतं. झाडांबरोबर रॅम्सहॉर्नच्या बारक्या गोगलगायी फुकट येतात. त्या वेगळ्या टबात ठेवा, काकडीची चकती द्या, बघता बघता टब भरतो. आमच्या विहिरीचं पाणी चिऱ्याच्या जमिनीतलं, मऊ. पहिल्या खेपेला गोगलगायींचे शंख पांढरे पडून झिजले. तिसऱ्यांची आमटी झाल्यावर उरलेल्या शिंपल्या उकळून टबात टाकल्या तेव्हा नवे शंख कडक आले. शेतातल्या गोगलगायी मात्र थेट टाकीत नकोत. फवारणीचं औषध आणि परजीवी दोन्ही घेऊन येतात. लांब मळसूत्री शंखाच्याही नकोत, तो शंख केंडाच्या दातांना भारी पडतो.

शिकार बघण्यासारखी असते. आधी एक डोळा फिरतो, दुसरा तिथेच. मग अंग जागच्या जागी तरंगतं, शेपूट एका बाजूला मुडपलेली. गोगलगाय शंखातून बाहेर आली की एकच झडप, नुसतं मांस ओढून काढतो. एरवी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, चिमट्याने देते. डासांच्या अळ्याही आवडीने खातो, पण बादली उघडी ठेवाल तर शेजारी तुमच्या नावाने बोंब मारतील. मी दर दोन दिवसांनी चहाच्या जुन्या गाळणीने गाळून घेते. दिवसातून एकदा, पोट जरा गोल दिसेल एवढंच. खाऊनही पोट आत गेलेलं राहिलं तर बहुधा आतड्यात जंत आहेत. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही दया आली तरी.

सोबती कोणी नको. मी विहिरीतले चार गप्पी सोडून पाहिले. सकाळी चौघांच्याही शेपट्या झालर कापल्यासारख्या.

पाणी दर आठवड्याला पाव भाग बदलते. नळाचं असेल तर क्लोरीन मारणारं औषध घालून. मे महिन्यात विहीर आटते आणि नळावर यावं लागतं. एकदा मी एकाच दिवशी अर्धी टाकी नळाच्या पाण्याने भरली, तिघेही दोन दिवस कोपऱ्यात काळवंडून बसले. आता थोडं थोडं मिसळते. हीटर इथे लागत नाही. पावसात वीज जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

मासा हलवायचा असेल तर जाळीने वर काढू नका. घाबरून फुगला आणि पोटात हवा गेली तर ती बाहेर काढणं त्याला कठीण जातं. पाण्यात वाटी बुडवा आणि पाण्यासकट उचला.

चवथीला आम्ही पाच दिवस गावच्या घरी जातो. निघताना टाकीत बारा गोगलगायी मोजून सोडते, आणि शेजारच्या वहिनींना वीज गेली तर पंप लावायला सांगते, खायला काही घालू नका म्हणून बजावते. गेल्या वर्षी परत आलो तेव्हा वाळूवर नऊ रिकामे शंख होते, आणि आई टाकीला नाक लावून उरलेल्या तीन शोधत होती.