माझदा एमएक्स-५ साठी कॉइलओव्हर निवडताना

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांना, म्हणजे १९८९ ते २००५ या काळातील गाड्यांना, उंची आणि डँपिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा विरोध) बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डँपर एकत्र असलेले संच) आजही सहज मिळतात. जपानची टाइन, जर्मनीची केडब्ल्यू आणि स्वीडनची ओहलिन्स ही त्यांतली परिचित नावे आहेत. या दोन्ही पिढ्यांची सस्पेन्शनची रचना बरीचशी सारखी असल्याने अनेक संच दोन्हींना बसतात, तरीही मागवण्यापूर्वी गाडीचे वर्ष कळवून वरच्या माउंटविषयी (संच गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या भागाविषयी) विचारून घ्यावे. जर्मनीत गाडी चालवायची असेल, तर संचासोबत टीयूव्ही या तांत्रिक तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे ना, हेही पाहावे.

बसवताना सर्वाधिक चूक होते ती बुशच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांच्या, बाबतीत. गाडी जॅकवर असतानाच आर्मचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. म्हणून चाकांवर भार आल्यावरच ते आवळावेत. डँपिंगची खुंटी आधी पूर्ण घट्ट करून तिथून क्लिक मोजत सैल करावी आणि डाव्या-उजव्या बाजूंचा आकडा सारखा ठेवावा. गाडी फार खाली घेण्याचा मोह (तो प्रत्येकालाच होतो) आवरावा, कारण डँपरची हालचाल संपली की महागडा संचही खड्ड्यात नुसता आपटतो. उंची ठरल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, आधी नव्हे.