देवळाची दिशा मोजताय? मोबाईलचा कंपास खिशातच ठेवा

ठरावीक दिवशी किरणं थेट गाभाऱ्यात येतात असं ऐकलं की लोक कंपासचं ॲप उघडून उभे राहतात, आकडा लिहितात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात. प्लीज असं करू नका.

आधी अक्ष, म्हणजे देवळाची मधली रेषा. गाभाऱ्याच्या मध्यापासून दाराच्या मध्यातून बाहेर उन्हापर्यंत दोरी ताणा. झालं.

आता खरी उत्तर दिशा, मी सगळ्यात जास्त इथेच झगडलोय. लोखंडी ग्रिल, दानपेटी, कधी कधी बेसॉल्टचा दगडसुद्धा सुई फिरवतो, आणि चुंबकीय उत्तर म्हणजे खरी उत्तर नव्हेच. त्यापेक्षा सूर्यच वापरा. दोरीच्या बरोबर वर ओळंबा लटकवा, हलायचा थांबला की त्याच्या सावलीवर खडूने खूण करा आणि वेळ सेकंदासकट लिहा. ओळंब्यापासून दोरीवर २ मीटर मोजा आणि तिथून काटकोनात सावलीची रेघ किती दूर आहे ते बघा (रेघ कमी पडली तर सरळ वाढवा), कोन लहान असेल तर साधारण साडेतीन सेंटीमीटर म्हणजे १ अंश. त्या क्षणी सूर्य कुठल्या दिशेला होता ते स्टेलॅरियम (आकाश दाखवणारं ॲप) सांगतं, सावली त्याच्या बरोबर उलट, त्यात मोजलेला कोन मिळवला किंवा वजा केला की दोरीची दिशा हातात आली. हे सकाळी लवकरच करा, दुपारी सूर्याची दिशा इतकी भराभर बदलते की अर्ध्या मिनिटाची चूकही महागात पडते.

मग समोरच्या डोंगराची उंची अंशात मोजा, ही पायरी गाळली तर आधीची सगळी मेहनत फुकट! सूर्य तिरका वर चढतो, त्यामुळे ३ अंश उंच डोंगरामागून तो कोल्हापूरच्या अक्षांशावर जवळपास १ अंश दक्षिणेला सरकून दिसतो, इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या अक्षांशावर साडेतीनपेक्षा जास्त.

शेवटी तारखा. अयनदिन (२१ जून आणि २१-२२ डिसेंबरच्या आसपासचे, सूर्य उत्तर-दक्षिणेच्या टोकाला असतो ते दिवस) सोडले तर सूर्य त्याच दिशेला वर्षातून दोनदा येतो. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या १० तारखेच्या आसपास आणि परत १ फेब्रुवारीच्या आसपास, इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारी, दोन्हीकडे २१-२२ डिसेंबरपासून जवळपास सारखंच अंतर. कुणी एकच तारीख सांगितली तर दुसरी विचाराच. आणि "अयनदिनालाच बांधलंय" या दाव्याला घाईने मान डोलवू नका, विषुवदिनाजवळ (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) १ अंशाची चूक म्हणजे दोन-तीन दिवसांचा फरक, अयनदिनाजवळ तीच चूक पंधरवडा खाऊन जाते.